क्रेनच्या खांद्यावरचे तीन महिने

गोदामातले लोक त्याला क्रेन म्हणत. पन्नास किलोची दोन पोती एकदम पाठीवर घेऊन तो शिट्टी वाजवत जिना चढायचा. त्याच्या सहा वर्षांच्या लेकीला आम्ही दवाखान्यातले मिरची म्हणायचो, कारण व्यायाम सुरू केला की ती असा काही सूर लावायची की बाहेर बसलेली पोरंही रडायला लागायची. जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली, तेव्हापासून पाय ताठ. चवड्यांवर उभी राहायची, टाच काही जमिनीला लागायची नाही.

डॉक्टरांनी पोटऱ्यांत इंजेक्शनं दिली तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, "साधारण तीन महिने स्नायू सैल राहतील. तेवढ्यात रोज ताणून, उभं करून टाच खाली आणायची. नाहीतर ऑपरेशन."

मी तिथली फिजिओथेरपिस्ट, आई-बापांना व्यायाम शिकवायचं काम माझं. पोती उचलणारे ते हात पोरीचं पाऊल नुसतं धरून ठेवायचे, दाबायचे नाहीत.

"अहो, काचेची नाही ती, जोर लावा!" मी वैतागायचे.

"ताई, पोतं ओरडत नाही ना," तो म्हणायचा.

दोन आठवडे आला, मग गायब. मी फोन केला.

"दोनदा पडली हो ताई. पुढचे दोन दात गेले. आधी निदान भिंतीला धरून उभी तरी राहायची, आता पाय पार लुळे पडलेत. जरा ताकद येऊ दे, मग आणतो."

मी समजावलं, की तो ताठरपणाच तिला उभं धरत होता, तो गेला म्हणून ती पडतेय, खरी ताकद आता व्यायामानंच येईल. तो नुसता "हो ताई, हो ताई" करत राहिला. बाहेर अकरा जण ताटकळले होते. मी फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

साडेतीन महिन्यांनी तो आपणहून आला. लिफ्ट बंद होती, तीन मजले पोर खांद्यावर, आणि चेहरा नुसता फुललेला.

"ताई, ताकद आली! हात लावून बघा, पाय कसे कडक झालेत! तीन महिने जमिनीला पाऊल लागू दिलं नाही मी. हिची आई कामावर, म्हणून गोदामातसुद्धा उचलून नेली. सगळ्यांत हलका माल!"

मी पोटरीला हात लावला. गुडघा सरळ धरून टाच खाली ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. मिरची ओरडली नाही; बाप खूश म्हणून तीही दात नसलेलं हसत होती. कोन मोजला, तर इंजेक्शनच्या आधीपेक्षाही वाईट. इंजेक्शनचा असर ओसरून ताठरपणा परतला होता; हाडं वाढली होती, न ताणलेला स्नायू तेवढाच राहिला होता.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. "आता इंजेक्शनचा उपयोग नाही. ऑपरेशनच करावं लागेल," म्हणाले आणि चिठ्ठी लिहून गेले.

क्रेननं चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. म्हणाला, "मी हिला उभं केलं असतं तर?"

खोटं बोलायची मला फार इच्छा झाली.

"टाच टेकली असती बहुतेक," मी म्हणाले.

घरी जायचं म्हणून मिरचीनं हात वर केले. तो वाकला, तिच्या काखेत हात घातले आणि तसाच थांबला.

"ताई," त्यानं विचारलं, "उचलू का?"