दत्तूने गोल्टीत टाकलेला सातवा अल्बम

दत्तू गेल्याचं मंगलवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. बरं काय बरं... महिना होऊन गेला, त्या शब्दाची अजून लाज वाटते.

दत्तू मखमलाबादचा. घरी कांदा, मेथी, टोमॅटो. सकाळी मार्केटला माल उतरवून तसाच कॉलेजात यायचा, अंगाला मेथीचा वास घेऊन. मी नाशिक रोडच्या सरकारी क्वार्टरमधला. नव्वदीच्या सुरुवातीला आमची गाठ पडली ती एका जुन्या इंग्रजी रॉक बँडमुळे. नाव सांगत नाही, उगाच लोक भांडायला येतील. बँड कधीचाच फुटलेला, अल्बम एकूण अकरा. माझा मामा मुंबईहून कॅसेटी आणायचा आणि मी त्या दोन कप्प्यांच्या टेपवर दत्तूसाठी कोऱ्या कॅसेटीत भरून द्यायचो. मग त्यांच्या खळ्यावर कांद्याच्या ढिगाशी बसून हात कांदा निवडायचे आणि तोंडं अल्बम. दहापैकी किती, ही माझी भाषा त्याला मान्य नव्हती. "परीक्षा हाय का? माल हाय, प्रतवारी कर," म्हणायचा. एक नंबर, दोन नंबर आणि सगळ्यात बारीक कांद्याची ती गोल्टी. आमचा आवाज चढला की त्याची आई विचारायची, "त्या गोऱ्यांशी काय सोयरीक करायचीय का रे तुम्हाला?"

सातवा अल्बम दत्तूने पहिल्या झटक्यात गोल्टीत टाकला. "शेवटाला कायतरी राहिल्यावानी वाटतं. भाकरी वाढली अन् कालवण इसरले," म्हणाला. मी मान खाली घालून कांदे निवडत राहिलो. कारण राहिलं होतंच. शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं, बाकीची भरल्यावर कॅसेटच्या त्या बाजूला मावेना, आणि मला तेव्हा ते रटाळ वाटायचं. मी ते भरलंच नाही. वर शहाणपणा असा, की कव्हरच्या कागदावर गाण्यांची नावं लिहिताना तेवढं एक गाळलं. त्याला कळायला मार्गच ठेवला नाही.

पुढे मी सिन्नरला कारखान्यात लागलो, तो शेतीत रुतला. लग्नं झाली, पोरं झाली, तरी वर्षातून एकदा प्रतवारी व्हायचीच. चौथा वर चढायचा, दुसरा घसरायचा, सातवा जागचा हलायचा नाही. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. एवढ्याशा गोष्टीला काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या हातून आलेल्या मालावर त्या माणसाने डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

मग त्याच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी सातव्याची सीडी आणि हातात मावेल असा प्लेअर घेऊन गेलो. कॉटशेजारी बसून सगळं सांगितलं. त्याने हेडफोन मागितला, डोळे मिटले. अकरा मिनिटं मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तरी गोल्टीच रे. बरं केलं नाय भरलं ते. उगा जिवाला लावून घेतलं येवढं." मला इतकं हलकं वाटलं, की परतताना रिक्षात मी शीळ घालत होतो. प्लेअर त्याच्याकडेच राहू दिला.

दहाव्याला वहिनींनी तो पिशवीत घालून परत दिला. म्हणाल्या, "भावजी, शेवटचे चार दिवस ते एकच गाणं लावून बसायचे. लय लांबडं हाय बघा. मी म्हटलं, दुसरं लावा की कायतरी. तर म्हणे, राहू दे, पंधरा वर्षांचं ऐकायचं राहिलंय."

गोल्टी म्हणे... लबाड कुठला. मी त्यांच्या ओट्यावर बसून रडलो.