बेचाळिसावं नाव

गेल्या वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. स्थळ : बडोद्यातल्या आमच्या महाविद्यालयाचा व्यायामशाळेशेजारचा हॉल. उपस्थित : नेतृत्वावर बोलणारे एका कारखान्याचे निवृत्त व्यवस्थापक, खेळाच्या मार्केटिंगवर बोलणाऱ्या, अहमदाबादहून आलेल्या जाहिरात व्यवसायातल्या बाई, खेळाडूंच्या मानसशास्त्रावर बोलणारे आमचे खारकर सर, पहिल्या दहा मिनिटांपुरते प्राचार्य, सगळ्या संघांचे मिळून एकेचाळीस खेळाडू, आणि क्रीडा विभागाचं कार्यालय सांभाळणारी मी.

हजेरीच्या कागदावर सह्या एकेचाळीस आहेत, नावं मात्र बेचाळीस. शेवटच्या ओळीत, निळ्या शाईत, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं आहे : जागृती पटेल. सहीची जागा कोरी. ते अक्षर खारकर सरांचं.

बेरीज जुळल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही. घरीसुद्धा दूधवाल्यापासून गिझरच्या दुरुस्तीपर्यंत सगळ्याची यादी असते आणि काम झालं की बाजूला खूण होते. पण हा एक फरक मी नऊ वर्षं तसाच राहू दिला. व्याख्यानांच्या दिवशी नाश्त्याची एक बशी जास्त यायची. नवा कारकून असला की विचारायचा, बेन, हे शेवटचं नाव काढून टाकू का? मी म्हणायची, राहू दे.

खारकर सर मूळचे मानसशास्त्राचे प्राध्यापक. आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात होते, वडील शाळामास्तर, त्यामुळे घरात बोलण्याला तोटा नव्हता. उंच, जरा वाकलेले, बुशशर्टाच्या खिशावर शाईचा एक डाग कायमचा. निवृत्त झाल्यावरही वर्षातून एकदा ते आमच्या खेळाडूंशी बोलायला येत. बाकीचे वक्ते मंचावर बसायचे. सर आल्या आल्या मंचावरची आपली खुर्ची उचलायचे आणि हॉलच्या अगदी शेवटी, राखीव खेळाडू बसतात तिथं नेऊन ठेवायचे. मग सगळ्यांना खुर्च्या फिरवून बसावं लागे. पुढच्या रांगेतले कप्तान मागे जात आणि मागचे राखीव पुढे येत.

पहिल्या वर्षी मी वैतागले. रांगा मी आखून दिल्या होत्या. सर म्हणाले, "मंचावरून मला नुसती डोकी दिसतात, बेन. पाय दिसत नाहीत. खेळाडूच्या मनात काय चाललंय ते पायांत दिसतं." आणि खरंच, बोलता बोलता ते एखाद्या मुलाच्या सारख्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बघून हळूच विचारायचे, काय रे, घरी कोण आजारी आहे? बहुतेक वेळा कुणीतरी असायचं.

स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायला त्यांना आवडत नसे. ओळख करून देताना मी तो शब्द वापरला की ते मध्येच म्हणत, "तज्ज्ञ म्हणजे ज्याला उद्या सकाळी सहाला मैदानावर यावं लागत नाही, तो." मुलं हसायची. पाहुणे वक्तेही हसायचे, जरा उशिरा.

एका वर्षी मार्केटिंगवरच्या वक्त्यांनी मुलींना सांगितलं की प्रत्येक खेळाडू हा एक ब्रँड असतो, फलक लावा, टीशर्टवर घोषवाक्य छापा. मुलींच्या खो-खोच्या सामन्यांना तेव्हा मोजून चार प्रेक्षक यायचे, त्यातले दोन माळी. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलींना एकच प्रश्न विचारला : तुम्ही घरी पोहोचेपर्यंत कोण जागेवर बसत नाही? त्या एका माणसाला घेऊन या. पुढच्या सामन्याला आया आल्या, मावश्या आल्या, लहरीपुऱ्यात बांगड्यांचं दुकान असलेले एक काका दुकान बंद करून आले. थेपल्यांचे डबे उघडले. एका मुलीच्या आईला खेळ अजिबात कळत नव्हता. कुणीही बाद झालं की ती टाळ्या वाजवायची. सर माझ्याशेजारी बसले होते. "बघ," म्हणाले, "ह्यांना फलकावर पत्ता छापून द्यावा लागला नाही." त्या वर्षापासून आमच्या मुलींच्या सामन्यांना माणसं येतात. माझ्याकडे थेपल्यांच्या डब्यांचीही यादी असते, कारण डबे मागे राहतात.

आता जागृतीचं सांगायला हवं.

मी याच महाविद्यालयात शिकले. मुलींच्या रिले संघात तिसऱ्या टप्प्यावर मी धावायची, चौथ्यावर जागृती पटेल. तिचे वडील कोयलीच्या रिफायनरीत कामाला होते. ती रोज तिथून बसने सरावाला यायची आणि आमच्या सगळ्यांच्या आधी मैदानावर असायची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात बॅटन माझ्याकडून तिच्याकडे जाताना पडला. पुन्हा धावलो, पुन्हा पडला. प्रशिक्षक चिडले. खारकर सर तेव्हा तरुण होते, खेळाच्या मानसशास्त्रावर नुकतंच कुठं तरी शिकून आले होते. प्रशिक्षकांनी त्यांना बोलावलं. सरांनी जागृतीला बाजूला घेतलं आणि विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "बीक तो लागे ज ने, सर." भीती तर वाटणारच ना.

सरांनी सल्ला दिला की हिचं मन तयार नाही, हिला बसवा. राखीव मुलीला घेतलं. जागृतीने स्वतःचे स्पाइक्स काढून त्या मुलीला दिले, कारण तिच्याकडे धड नव्हते, आणि चपला घालून बसस्टॉपकडे गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या आलो. जागृती परत मैदानावर आली नाही. पुढच्या सत्रात कॉलेजातही दिसली नाही.

तो सल्ला सरांना फळला. संघ दुसरा आला म्हणजे सल्ला बरोबर होता, असं सगळे म्हणाले. सरांना इतर महाविद्यालयांतून बोलावणी येऊ लागली. तिथं ते नाव न घेता हाच प्रसंग सांगत आणि शेवटी म्हणत, "नेत्याला नाव खोडता आलं पाहिजे." मी शिकले, लग्न झालं, याच महाविद्यालयात नोकरीला लागले, व्याख्यानं ठरवणं माझ्याकडे आलं. आणि दरवर्षी मी हॉलच्या दाराशी उभी राहून ते वाक्य ऐकू लागले.

दहा वर्षांपूर्वी व्याख्यानानंतर आम्ही फाटकाबाहेर शेवउसळ खायला उभे होतो. सरांनी रस्सा जास्त मागून घेतला. मी बशी हातात धरून म्हणाले, "सर, बॅटन तिच्या हातून पडला नाही. मी लवकर सोडला. दोन्ही वेळा. माझा दम संपला होता."

त्यांनी पाव खाली ठेवला. मग विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मीही विचारलं नाही," ते म्हणाले. "घेणारीला विचारलं, देणारीला नाही. भीती वाटते का, असं तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हटलं असतं."

"सगळ्याच म्हणाल्या असत्या."

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बशी तशीच ठेवून ते स्कूटरपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, तिला शोधायचं. मला तिला सांगायचंय की मी चुकलो. शोधण्याचं काम तुझं, सांगण्याचं माझं. मी तिथंच वही काढून लिहिलं. पुढच्या वर्षीपासून तो प्रसंग त्यांच्या व्याख्यानातून गेला, नाव खोडण्याचं वाक्यही गेलं. त्याऐवजी ते हजेरीचा कागद मागायचे आणि शेवटी एक नाव लिहायचे.

भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मंजिरीबेन, आपलं काम? मी म्हणायची, बाकी. मी जुन्या रजिस्टरातून कोयलीच्या क्वार्टरचा नंबर काढला होता, पत्र टाकलं होतं, ते परत आलं होतं. बडोद्यात जागृती पटेल किती असतील, शिवाय लग्नानंतर आडनाव बदललं असेल, असं मी त्यांना मुद्देसूद सांगायची. एकदा सगळे मुद्दे ऐकून ते म्हणाले, "तू पत्ता शोधतेस. तिला शोधत नाहीस." मी विषय बदलला. ती सापडली तर सर त्यांचं सांगतील आणि मग माझं मला सांगावं लागेल, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

तर तो डिसेंबरातला शनिवार. व्यवस्थापक साहेब नेतृत्वावर चांगलं बोलले. सर मागून म्हणाले, "साहेब, कप्तान पाच-सहाच आहेत. बाकीच्यांनी काय करायचं?" साहेब मोकळेपणाने हसले आणि पाणी प्यायले. मग सरांची पाळी आली. खुर्च्या फिरल्या. आणि इतक्या वर्षांनी त्यांनी पुन्हा रिलेचा प्रसंग सांगायला घेतला, या वेळी उलट्या बाजूने. मी एका मुलीला एकच प्रश्न विचारला, म्हणाले, आणि तिचं धावणं संपवलं. त्यावर मी वीस वर्षं टाळ्या घेतल्या. मुलांचे पाय थांबले होते. एकही गुडघा हलत नव्हता.

प्रत्येक वक्त्याला वीस मिनिटं, असं माझं वेळापत्रक होतं. अठराव्या मिनिटाला चिठ्ठी द्यायची ही माझीच पद्धत. मी उठले, शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि त्यांच्या समोर चिठ्ठी धरली : दोन मिनिटं.

त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली. "मी चुकलो, एवढं माझं सांगून झालं," ते म्हणाले. "बाकीचं मंजिरीबेन सांगतील. त्या तिथं होत्या."

एकेचाळीस चेहरे माझ्याकडे वळले. माझ्या हातात फोल्डर होता. त्यात दिवसभराचा क्रम होता आणि पुढची ओळ नाश्त्याची होती. मी म्हणाले, नाश्ता बाहेरच्या व्हरांड्यात आहे, रांगेने जा.

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सरांनी व्हरांड्यात उभ्यानेच खाल्लं. जाताना माझ्यापाशी थांबले.

"रांग छान लावलीस," म्हणाले.

सोमवारी मी कार्यालयाचं दार लावून घेतलं आणि रिलेतल्या आमच्या पहिल्या टप्प्यावरच्या मैत्रिणीला फोन केला. तिने एक नंबर दिला, त्या नंबरावरच्या बाईंनी दुसरा. नऊ वर्षं न सापडलेला पत्ता तीन फोनांत मिळाला. जागृती छाणीत राहते. शाळेचे गणवेश शिवून देण्याचं तिचं दुकान आहे, खाली दुकान, वर घर. आमच्या महाविद्यालयापासून रिक्षाने पाऊण तास.

मला सरांना हे फोनवर सांगायचं नव्हतं. समोर बसून सांगायचं, त्यांना घेऊन जायचं, असं ठरवलं. पण महाविद्यालयात तपासणीची समिती यायची होती आणि फायली अपुऱ्या होत्या. मी वहीत लिहिलं : खारकर सर, पत्ता देणे, उत्तरायणानंतरचा सोमवार. सर त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, चहा पिता पिता गेले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा दांडिया बाजारातल्या तारांवर संक्रांतीच्या पतंगांचे दोरे लोंबत होते आणि सरांची पत्नी, आमच्या काकू, पलंगाच्या कडेला शांत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ती मुलगी सापडली का गं? परवासुद्धा विचारत होते."

"सापडली," मी म्हणाले.

"मग सांगितलंस त्यांना?"

मी नकारार्थी मान हलवली. काकूंनी माझा हात हातात घेतला.

यंदाची व्याख्यानं गेल्या शनिवारी झाली. मानसशास्त्रावर बोलायला एक तरुण बाई आल्या होत्या. अभ्यास चांगला, पडद्यावर चित्रंही चांगली, वेळेत संपवलं. त्या मंचावरून बोलल्या. मी शेवटच्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली होती. तिथं कुणी बसलं नाही आणि कुणी तिच्याकडे वळूनही बसलं नाही. बोलणं चालू असताना मी पहिल्यांदाच पायांकडे बघितलं. उंच उडीतल्या एका मुलाची टाच सारखी वाजत होती. त्याला काय विचारावं ते मला सुचेना. सरांना सुचलं असतं. शेवटी हजेरीचा कागद माझ्याकडे आला. सह्या अडतीस. मी खालच्या ओळीत जागृती पटेल लिहिलं. माझं अक्षर सरळ आहे, ते नाव त्यात वेगळंच दिसलं.

छाणीला मी मार्चमध्ये एकदा जाऊन आले. रस्त्याच्या अलीकडे रिक्षा थांबवली. दुकानात एक बाई गळ्यात टेप घालून एका लहान मुलीच्या खांद्याचं माप घेत होती. माप घेताना ती बाई टाचा उचलून पुढे झुकली होती, जागृती बॅटनची वाट बघताना झुकायची तशी. रिक्षावाल्याने विचारलं, उतरायचं ना? मी म्हटलं, परत चला.

तिला दोघांचं सांगायचं आहे, सरांचं आणि माझं. सरांचं आता मलाच सांगावं लागेल.

आजच्या यादीत सात कामं होती. सहांपुढे खूण झाली आहे. आता पाच वाजलेत. दुकान आठपर्यंत उघडं असतं.