मनातल्या मनात घ्यायचं नाव

रोमपासून नंदुरबारपर्यंत धुंडाळलं तरी खरे कॅथलिक धर्मगुरू दीडच सापडतील, असं आमच्या फादरांचं ठाम मत आहे. एक ते स्वतः, आणि अर्धे त्यांचे नवापूरचे मित्र.

ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा आमचे दिवस वाईट होते. बाप गेलेला. माय मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जायची. संध्याकाळी तिच्या हातांची अशी आग व्हायची की भाकरी थापण्याआधी ती पिठात हात पुरून बसायची. अशात बिशपांशी भांडून, मिशनचा बंगला सोडून, एका पेटीत लॅटिन पुस्तकं आणि दुसरीत पितळी मेणबत्तीदाण्या घेऊन हे वसईकडचे फादर शेजारच्या पत्र्याच्या खोलीत आले. त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, माझ्या पाठीत धपाटे घातले आणि मला कॉलेजात ढकललं. मी बी.ए. झालो, आमच्या सगळ्या खानदानात पहिला. हे मी सांगणारच, सांगण्यासारखं आहे. निकाल घेऊन गेलो तेव्हा फादर म्हणाले, "लॅटिन घेतलं होतंस?" म्हटलं, आमच्या कॉलेजात लॅटिन नाही. "मग ते कॉलेज कसलं?" असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला.

त्यांची मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, जुन्या विधीची. लोकांकडे पाठ, सगळं लॅटिनमध्ये, आणि पथारीवरून वारा सुटला की प्रत्येक 'आमेन'मागे चार शिंका. आमची पाच-सात घरं येतात. वेदीशी उत्तरं द्यायला मी असतो, अर्थ निम्मा कळतो, पाठ पूर्ण आहे. फादरांच्या मते रोममध्ये नवी मिस्सा आली त्या काळापासून तिथे पोप म्हणून जो बसतो तो पोप नव्हेच. गादी रिकामी आहे. हे ते भाजीवालीलाही सांगतात. एकदा रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी हा विषय काढला. रिक्षावाल्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि समजूत घातली, "गावोगाव तेच चाली ऱ्हायनं, फादर. निवडणूक नही, प्रशासक बठाडी दिधा." फादर चिडून स्टेशनच्या अलीकडेच उतरले आणि उन्हात चालत गेले.

नवापूरचे फादर म्हणजे त्यांचे सेमिनरीतले सोबती. तेही बिशपांशी भांडलेले, तेही जुन्याच मिस्सेचे. दर गुरुवारी पॅसेंजरने यायचे. दोघे एकमेकांकडे कुमसार करायचे, म्हणजे पापांची कबुली द्यायचे, मग मिस्सा, मग मायच्या हातचं वरण-बट्टी. फरक एवढाच, की त्यांच्या मते पोप चुकतो, पण पोपच आहे.

त्या मिस्सेत एक प्रार्थना आहे, तिच्यात पोपचं नाव घ्यायचं असतं. ती इतकी हळू पुटपुटायची असते की बाकावरच्या कुणालाच ऐकू येत नाही. एका गुरुवारी मी कामावर अडकलो, म्हणून माझ्या जागी नवापूरचे फादर वेदीशी गुडघे टेकून बसले, आणि नेमकं त्यांनी ते ऐकलं. म्हणजे ऐकलं नाही. मग जेवताना जी जुंपली, ती मला मायने सांगितली.

"नाव गाळलंस तू!"

"कुणाचं घेऊ? गादी रिकामी आहे."

"बाप चुकला म्हणून बाप राहत नाही का रे?"

"पोराला विष घालतो तो बाप नव्हे."

"हे ठरवणारा तू कोण?"

बट्टी तशीच ताटात टाकून नवापूरचे फादर निघून गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत, आणि आमच्या फादरांनी मिस्साच बंद केली. मी विचारलं तर म्हणाले, "मित्राचा राग पोटात ठेवून वेदीला हात कसा लावू? आधी कुमसार पाहिजे."

"मग करा ना. गावात चर्च आहे, फादर आहेत."

"पोरगा भला आहे. पण त्याची गुरुदीक्षा नव्या विधीची. तो फादर नव्हे."

"मग कुणाकडे करणार?"

"त्याच्याकडेच."

"मग जा नवापूरला!"

"मी का जाऊ? चूक त्याची आहे."

माझ्या पदवीचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. नवापूरला जाऊन आलो. तिकडेही वेदीवर कापड झाकलेलं. "एवढ्या वर्षांच्या दोस्ताशी भांडलो, हे परक्याला सांगायची लाज वाटते," म्हणाले. "त्याने नाव घ्यावं, मी येतो." जे नाव देवाशिवाय कुणी ऐकत नाही, त्यापायी दोन ऐंशी ओलांडलेले म्हातारे कुमसाराविना बसले होते! कुणा एकाचे डोळे असेच मिटले असते तर?

शेवटी मायने माझा फोन घेऊन नवापूरला लावला. "फादर काही जगतस नही. तेल लई या."

नवापूरचे फादर मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी छातीशी धरून धापा टाकत आले, तेव्हा आमचे फादर ठेच्याशी भाकरी खात होते.

"मेला नाहीस?"

"अजून नाही. का?"

दोघांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "मी लबाड बोलनू. आते मन्हं पाप कोण सोडी? गावना फादरले तुम्ही फादर मानतस नही. तुम्ही दोन्ही एकमेकसशी बोलतस नही. मंग मी काय पोपकडे जाऊ? तोबी तुम्हले चालत नही!"

तिचा कुमसार ऐकायचा तर आधी दोघांना आपापला करणं भाग होतं. दार लागलं. आम्ही बाहेर शिंकत बसलो. आत मध्येच आवाज चढले. बहुधा पाप कोणतं आणि मत कोणतं, यावर. दार उघडलं तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते, आणि दोघांनीही त्याचा दोष मिरचीला दिला.

मग मिस्सा झाली. मी आणि नवापूरचे फादर शेजारी शेजारी गुडघे टेकून होतो. त्या प्रार्थनेत आमचे फादर नावाच्या जागी आले आणि थांबले. कधी थांबत नसत. माझ्या शेजारून अगदी हळू एक नाव उच्चारलं गेलं. आमच्या फादरांनी मान वळवली नाही. नाव पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली आणि पुढे गेले.

आता दर गुरुवारी असंच होतं. यातला एक जण गेला की ती जागा कशी भरायची, हे मी विचारत नाही. गादीचा निकाल अजून लागलेला नाही. मायचं पाप सुटलं, आणि गुरुवारची मिस्सा पुन्हा सुरू झाली.