गल्लीचा कचरा गेला कुठे?

कचरा मोजणाऱ्या बाईचं डोकं फिरवायला भरलेली बादली लागत नाही, रिकामी पुरते.

काम तिचं नगरपालिकेतलं. शहरातली एखादी गल्ली निवडायची, आठवडाभर घरोघरचा कचरा टेबलावर ओतायचा, आणि ओला, सुका आणि थेट डेपोत जाणारा असे तीन ढीग करून काट्यावर चढवायचे. डेपोचा ढीग गेल्या वर्षीपेक्षा हलका भरला, तर शहर सुधारतंय म्हणायचं. हातमोजे घातले तरी वास बोटांना चिकटतो. घरी आल्यावर नवरा हसत हसत चार हात लांब बसतो. त्याचं तिला काही वाटत नसे. तिचा जीव खायची ती माणसं. वर्षभर दारोदार घसा फोडून सांगावं, त्यांनी मान डोलावून ऐकावं, आणि दुसऱ्या दिवशी भाजीच्या देठांत वापरलेलं ब्लेड निघावं!

यंदा तिचीच गल्ली निघाली. ओला कचरा वेगळा नेणारी गाडी इथे वर्षभर चालवून पाहिली होती. ती ठेवायची की बंद करायची, हे या मोजणीवर होतं. ती गाडी तिने साहेबांच्या मागे लकडा लावून मिळवली होती.

शेवटच्या दिवशी साहेब स्वतः आले. गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडलेलं. त्यावर केळ्याच्या चार साली आणि एक वर्तमानपत्र, तेही इस्त्री केल्यासारखं घडी घातलेलं. आठवडाभर हेच चाललं होतं. गल्लीकर मात्र ओळीने उभे, पहिला नंबर आल्यासारखे खूश.

साहेबांनी काट्याकडे बघितलं. "एवढासाच कचरा? मग इथे वेगळी गाडी हवीच कशाला?"

सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. तिने मागे वळून सासूकडे पाहिलं. असली डोकॅलिटी दुसऱ्या कुणाची असणार?

"आई, कुठे ठेवलाय?"

"अगं, पाहुणे यायचे म्हटल्यावर पसारा कपाटात कोंबतोच ना आपण? तसंच. म्हटलं, तुझं नाव व्हावं."

"आठवडाभर?"

"वास येतो थोडा. खिडकी उघडी ठेवलीय सगळ्यांनी."

तिला हसावं की केस उपटावेत, कळेना. मोजायला जी माणसं मिळतात ती लपवतात, आणि लपवतात तेही प्रेमाने! रागवायची सोयच ठेवत नाहीत.

"साहेब, यांनी कचरा घरात दडवलाय," ती म्हणाली. "सगळा बाहेर काढायला लावते. पुन्हा मोजा."

"आणा. तासभर थांबतो."

ती गल्लीकडे वळली. शिंपी चपलेने माती उकरू लागला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना अचानक खोकला आला. चारचौघांत आपली घाण आधी कोण आणणार?

"आई, तुम्ही सुरुवात करा. तुमचं बघून बाकीचे आणतील."

"मी नाही."

"गाडी जाईल हो!"

"जाऊ दे. दुसऱ्या कुणाची आण आधी."

आता मात्र तिचा तोल गेला. ती तरातरा घरी गेली आणि धुण्याच्या मशीनमागे दडवलेली गच्च पिशवी ओढत घेऊन आली. सासूने मध्ये हात घातला. "ऐक माझं. ही टेबलावर उघडू नकोस."

तिने गाठ तोडून पिशवी पालथी केली.

काळे प्लास्टिकचे डबे धडाधड पडले. विकतच्या जेवणाचे, एकात एक खोचलेले, न धुतलेले, बुरशी धरलेले. दारोदार फिरून उशीर झाला की कोपऱ्यावरून ती रोज आणायची, उभ्या उभ्या खायची आणि दिसेल त्या पिशवीत कोंबायची, ते सगळे. सासूचं त्यात काहीच नव्हतं.

"सांगत होते ना," सासू हळूच म्हणाली.

तिचे कान तापले. टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. शिव्या घालायला समोर कुणीच उरलं नव्हतं. डबे एकेक उचलून तिने डेपोच्या ढिगात टाकले. काटा खाली गेला.

"कोणाचं घर?" आकडे टिपणाऱ्याने विचारलं.

"माझं," ती म्हणाली. "यातलं सगळं माझंच आहे."

गल्लीत कुणी हसलं नाही. शिंप्याने घसा खाकरला.

"थांबा," तो म्हणाला, "आमचीही आणतो."