हातशिलाईचा वैद्य

टेलरमास्तरांना आयुष्यात दोन गोष्टींचा राग होता. एक म्हणजे मशीनवर केलेलं काज, आणि दुसरी म्हणजे मशीनवर केलेलं काज हाताचं म्हणून खपवणं. तसं पाहिलं तर ही एकच गोष्ट झाली. पण मास्तर ती दोनदा मोजायचे, कारण दुसरीमध्ये कोपऱ्यावरचा टेलर येत होता.

कोटाचं बटण ज्या चिरेतून आत जातं आणि जिच्या कडा दोऱ्याने बांधलेल्या असतात, ते काज. मास्तर एकेका काजाला पाव तास घेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ मिटलेले, आणि त्या पाव तासात दुकानात कोणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. कोपऱ्यावरचा हेच काम मशीनवर अर्ध्या मिनिटात उरकायचा आणि मग सुईच्या टोकाने एखादा दोरा हळूच ओढून काज जरासं वाकडं करायचा. वाकडं दिसलं की गिऱ्हाइकाला वाटायचं, वा, हातकाम. ही लबाडी मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत. एखादा बिचारा नुसती पँट आखूड करून घ्यायला आलेला असायचा, पण मास्तर त्याच्यासमोर कोट उलटा धरून म्हणायचे की काज नेहमी पाठीमागून बघावं. हाताचे टाके भावंडांसारखे असतात, एकाच घरचे पण एका उंचीचे नाहीत, आणि मशीनचे टाके मात्र कवायतीला उभे राहिल्यासारखे. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पँट घेऊन सटकायचं.

असा हा नाकावर माशी बसू न देणारा माणूस आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून घ्यायचा, मागच्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावायचा आणि ऑनलाइन गेममध्ये वैद्य व्हायचा.

हे खूळ मुलीने लावलं. ती तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. सुरुवातीला फोन व्हायचे. जेवलीस का, हो, तुम्ही जेवलात का, हो, बरं मग आईला देऊ का. दीड मिनिटात संभाषण आटोपायचं आणि मास्तर पुन्हा टीप मारायला बसायचे. मनात बोलण्यासारखं पुष्कळ असायचं, पण फोन कानाला लागला की सगळं कुठे जायचं कोण जाणे. मग एका सुट्टीत ती आली, मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडला आणि बापाला आपल्या दहा जणांच्या संघात भरती करून गेली. संघाची कप्तान तीच. तुम्हाला मारामारी जमायची नाही, ती म्हणाली, तुम्ही वैद्य व्हा, लढताना कोणाला लागलं की त्याला बरं करायचं. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे रफू."

तेव्हापासून आठ ते दहा मुलीचा आवाज कानात. ती ओरडायची, हसायची, तिला सर्दी झाली की इथे कळायचं. दोन लढायांच्या मध्ये घरमालकाच्या तक्रारी सांगायची, साहेबांच्या नकला करायची. खरं सांगायचं तर संघ ज्याच्याशी लढायचा त्या राक्षसाशी मास्तरांना काडीचंही देणंघेणं नव्हतं. तो मेला काय आणि जगला काय. मास्तर आवाजासाठी जात होते.

घोडं अडलं ते नव्या राक्षसापाशी. हा पायाने जमीन हादरवायचा, आणि तो पाय आपटला की वैद्याने डोळ्याची पापणी लवायच्या आत चार औषधं एकापाठोपाठ द्यायची. मास्तरांची बोटं सुईला सरावलेली, कीबोर्डला नाही. ते भाजलेल्याला सर्दीचं औषध द्यायचे आणि गारठलेल्याला पोळल्याचं. एकदा सगळा संघ जमिनीवर आडवा पडलेला असताना त्यांनी कोणाच्या तरी धडधाकट घोड्याला बरं केलं. संघात एक गृहस्थ होते, वकिलाच्या कचेरीत कारकून. त्यांना गेमचे सगळे नियम आकड्यांसकट पाठ, म्हणून त्यांना सगळे कलमकाका म्हणत. त्या दिवशी कलमकाकांनी घसा साफ केला आणि अत्यंत सभ्य शब्दांत सुचवलं की मास्तरांना थोडी विश्रांती द्यावी आणि त्यांच्या जागी कोणीतरी चपळ वैद्य बघावा.

मुलगी काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याचा मास्तरांनी एकच अर्थ लावला. संघातून गेलो तर पुन्हा ते दीड मिनिट.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर कात्री बाजूला ठेवून व्हिडिओ बघायला लागले. त्यातून त्यांना दोन युक्त्या कळल्या. पहिली म्हणजे गेमच्या पडद्यावर वरून एक छोटी चौकट बसवायची. गेम बनवणाऱ्यांनी ती दिलेली नव्हती, बाहेरच्या कोणीतरी बनवली होती. राक्षस कधी पाय आपटणार याचे सेकंद ती उलटे मोजून दाखवायची. दुसरी म्हणजे मॅक्रो. त्यात चार बटणांचं काम एका बटणाला शिकवून ठेवायचं; ते एक दाबलं की चारही औषधं आपोआप बिनचूक क्रमाने जाणार.

मनाची समजूत घालायला मास्तरांना फार वेळ लागला नाही. चौकट म्हणजे कापडावरची खडूची रेघ. खडू काही कापड कापत नाही. आणि मॅक्रो म्हणजे शिलाई मशीनची मोटर. पायाने मशीन मारायचे दिवस गेले म्हणून आजचे कपडे खोटे ठरतात का? हा युक्तिवाद त्यांनी बायकोला ऐकवला. ती ब्लाउजला हुक लावत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "मुलीला सांगितलंत का?"

मास्तर म्हणाले, वेळ कुठे मिळतो.

"दोन-दोन तास बोलता की तिच्याशी."

मास्तर अंगुस्तान शोधायच्या निमित्ताने उठले. ते त्यांच्या बोटातच होतं.

पुढचे तीन आठवडे मास्तरांनी कमाल केली. कोणी मरेना. राक्षस पाय आपटून आपटून थकायचा आणि संघ ताजातवाना. लोक त्यांना देवमाणूस म्हणायला लागले, आणि खुद्द कलमकाकांनी आपले शब्द मागे घेतले, तेही सभ्यपणे. मुलगी म्हणाली, बाबा, कमाल आहे तुमची. या वाक्याने मास्तरांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. शिवाय प्रत्येक लढाईनंतर कोणी कधी काय केलं त्याच्या पट्ट्या कॉम्प्युटर काढून दाखवतो, हेही त्यांना आता कळलं होतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मॅक्रोत थोडा फेरफार केला. इथे किंचित उशीर, तिथे किंचित घाई, म्हणजे कसं माणसाने दिल्यासारखं दिसेल. हे करताना त्यांना कोपऱ्यावरचा आठवला नाही. आठवला असता तर त्यांनी कॉम्प्युटर बंद केला असता, मास्तर इतके काही वाईट नव्हते.

एका शुक्रवारी लढाई संपली, सगळे गेले, आणि मुलगी म्हणाली, बाबा, जरा थांबा. तिच्या आवाजावरूनच मास्तरांचं धाबं दणाणलं.

"तुमच्या पट्ट्या बघतेय मी," ती म्हणाली. "पहिले दोन आठवडे टाके कवायतीला उभे आहेत. आणि या आठवड्यात तुम्ही एकेक दोरा ओढलाय."

लहानपणापासून ती त्या दुकानात, कटिंगच्या टेबलाखाली बसून वाढली होती. काज पाठीमागून बघायला तिला बापानेच शिकवलं होतं. मास्तरांनी खडूची गोष्ट काढली.

"खडू चालेल," ती म्हणाली. "ती चौकट संघात निम्म्या लोकांकडे आहे, माझ्याकडेही आहे. खडू दाखवतो, शिवत नाही. पण तुम्ही एकदा बटण दाबता आणि चार टाके पडतात. ते कोण घालतं?"

"दाबतो तर मीच ना."

"कोपऱ्यावरचाही दाबतो, बाबा."

हा घाव वर्मी बसला. मास्तर खुर्चीत एवढेसे झाले. मग जे तीन आठवडे सांगायचं राहिलं होतं ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं. तुम्ही मला काढाल म्हणून केलं. कलमकाका तसं म्हणाले आणि तू गप्प बसलीस. तू गप्प बसलीस म्हणजे तुलाही तेच वाटत होतं.



"माझ्या तोंडात घास होता," ती म्हणाली. "माइक बंद करून जेवत होते मी. कलमकाकांना नंतर चांगलं सुनावलं, पण तोवर तुम्ही गेला होतात."

मास्तरांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे त्यांना ठसका लागला. पण मुलगी होती त्यांचीच. मॅक्रो वापरणाऱ्याला महिनाभर संघाबाहेर, असा तिचा नियम होता, आणि गेल्या वर्षी तिने आपल्या सख्ख्या मैत्रिणीला तो लावला होता. तुम्हाला वेगळा न्याय देता येणार नाही, ती म्हणाली. मास्तर म्हणाले, देऊही नकोस. सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने कबुली दिली, काहीही हातचं न राखता, अगदी घोड्यासकट.

बुधवारी आठ वाजता मास्तर मागच्या खोलीत रिकाम्या हाताने बसले होते. इतक्यात मुलीचा फोन आला. खेळायला बंदी आहे, ऐकायला नाही, ती म्हणाली, हेडफोन लावा, आमची लढाई तुम्हाला पडद्यावर दिसेल. मास्तरांनी लावला. त्यांच्या जागी नवा वैद्य आला होता, चांगला चपळ. पण त्याच दिवशी सकाळी गेमची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यामुळे सगळ्यांच्या त्या चौकटी बंद पडल्या होत्या. राक्षस पाय कधी आपटणार ते कोणालाच कळेना. संघ दोनदा आडवा झाला.

मास्तर मात्र तीन आठवडे बटण दाबून मोकळे व्हायचे, त्यामुळे त्यांना राक्षसाकडे निवांत बघायला भरपूर वेळ मिळाला होता. पाय उचलण्याआधी तो डावा खांदा पाडतो, आणि तिथून पाच मोजले की धरणीकंप. खांदा पडला आणि मास्तरांच्या तोंडून आपसूक निघालं, "चार... तीन... दोन... सरका!"

सगळे सरकले. एकालाही लागलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेआधी कलमकाकांनी घसा साफ केला.

"नियम सोळा," ते म्हणाले. "लढाईत त्रयस्थाची मदत घेता येत नाही. त्या चौकटींना सूट आहे, माणसाला नाही. मास्तर या महिन्यात संघात नाहीत. म्हणजे ते त्रयस्थ झाले."

त्यांचं चुकलं नव्हतं. नियमात तसंच होतं. मास्तरांनी निमूटपणे हेडफोन काढायला हात वर नेला. आपल्या चुकीची शिक्षा भोगताना वाद घालायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काका, नियमात काय लिहायचं ते लिहा," मुलगी म्हणाली. "हवं तर ही लढाई धरू नका. पण ते त्रयस्थ नाहीत. ते माझे बाबा आहेत."

आणि मग थोडं हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाबा, मोजत राहा."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर सगळा पडदा पाण्याने भरून आला. खांदा पडला की नाही तेही त्यांना नीट दिसेना, आणि त्या वेळी त्यांनी मोजलं ते साफ चुकलं. दहाच्या दहा जण आडवे झाले. मुलगी खो-खो हसत सुटली, आणि ते हसू पुष्कळ वेळ कानात चालू राहिलं.