पूजेतला व्हिडिओ गेम आणायला नांदूरघाटला गेलतो

भास्करचा फोन आला तेव्हा मी मशीनमधून निघालेली गरम बादली हातात धरून उभा होतो. सिल्वासाच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात मी बादल्या आणि अंघोळीचे मग काढतो. भास्कर हा माझा पाटोद्याचा शाळासोबती. मी सातवीत शाळेला रामराम ठोकला, तो दहावीपर्यंत रेटत गेला, आणि आता स्टँडसमोर मोबाईल रिचार्जचं दुकान चालवतो.

“रम्या, आधी खाली बस.”

“ड्युटीवर हाय बे. बोल लवकर.”

“लाकडी पट्टीवाला डबा घावला! नांदूरघाटला, माझ्या सख्ख्या मामाच्या घरात!”

बादली हातातून सुटली ती थेट सुपरवायझरच्या पायाशी. ती उचलता उचलताच मी त्याच्याकडं दिवाळीची सुट्टी दोन दिवस आधी मागून घेतली. तो म्हणाला, “शादी है क्या?” मी म्हणालो, “उससे भी बड़ा काम है, साहब.”

ज्यांना हा नाद नाही त्यांनी हसू नये, सांगतो. मी जुने टीव्ही गेम जमवतो. बाजार खुला झाला तसे आपल्याकडं गावोगाव रंगीत टीव्ही आले, गल्लीवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग टीव्हीला जोडायचे गेमचे डबे आले. बहुतेक डबे पिवळ्या कॅसेटचे. कॅसेटवर छापलेलं असायचं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. आत असायचे पाच, तेच रंग बदलून फिरून फिरून यायचे. तरी आमी पोरं त्या पाचांवर जीव टाकायचो. तसले चार डबे माझ्या कॉटखालच्या ट्रंकेत हायेत. पण त्यांच्याही आधीचा एक डबा असतो. काळा, पुढं लाकडासारखी दिसणारी पट्टी, खेळायला एक काळी दांडी आणि एक लाल बटण. बास. लहानपणी एका जत्रेच्या तंबूत मी तो पाहिला होता. माझा नंबर येईपर्यंत बापानं कान धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून ती दांडी हाताला लागायची राहिलेली. चोरबाजारात फिरलो, भंगारवाल्यांशी दोस्ती केली, कुठं काही नाही. आणि निघाला कुठं, तर माझ्याच जिल्ह्यात!

कुणाला सिल्वासाकडून बीडला जायचं असेल तर सरळ गाडीची वाट बघत बसू नका. मी वापीहून नाशिकची एस.टी. धरली, नाशिकहून नगर, नगरहून जामखेडची. खिडकी मिळाली तर उजवीकडची घ्या, सकाळचं ऊन लागत नाही. नगर सोडलं की डांबर आणि खड्डे निम्मे निम्मे. कंडक्टर ओरडत होता, “मागं सरका, मागं लई जागा हाय!” आणि मागून एक बाई ओरडली, “हाय ना, तुमीच या झोपायला!” कडा गावात गाडी थांबली. साखर कारखान्याचा बॉयलर अजून पेटायचा होता, त्यामुळं टपरीवाला निवांत होता. शेवचिवडा आणि कडक चहा घेतला. इथला चहा कमी दुधाचा आणि भरपूर साखरेचा. कारखाना शेजारी असल्यावर साखरेला हात आखडायचं कारण काय? जामखेडला गाडी बदलली, सौताड्याचा घाट चढताना कान दाबले गेले, आणि दुपार कलताना पाटोद्यात.

स्टँडवर उतरलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर तोंडाला रुमाल बांधला. कारण आमचं गाव पाटोद्यापासून हाकेवर, आणि आईला कळलं असतं की पोरगा आधी डबा बघायला गेला, तर माझी दिवाळी गोठ्यात झाली असती. भास्करनं मला रुमालासकट ओळखलं.

“चोरी करून आला काय बे?”

“करायला चाललोय.”

त्या दिवशी त्याच्या दुकानातच मुक्काम केला. सकाळी त्याच्या मोटारसायकलवर निघालो. मांजरसुंब्यापर्यंत रस्ता चांगला, पुढं आत वळल्यावर कंबरेला पट्टा असलेला बरा. दिवस सीताफळांचे. डोंगराच्या कडेनं बाया पाट्या घेऊन बसलेल्या. दहा रुपयांत एवढी दिली की मी मागं बसून खात होतो आणि बिया उडवत होतो, आणि भास्कर म्हणत होता, “माझ्या शर्टावर न्हाई, रस्त्यावर!” मी गाणी म्हणत होतो. वाटेत ट्रॅक्टरवाल्यानं हात केला तर मी दोन्ही हातांनी केला. एवढा खूश मी पहिल्या पगारालाही नव्हतो.

भास्करचा मामा म्हणजे बब्रुवानमामा. घराच्या अंगाला त्यांची पिठाची गिरणी. गिरणीशेजारच्या खोलीत एके काळी त्यांनी टीव्ही मांडून गेमचा धंदा केला होता. तासावर पोरं खेळायची, दळण घेऊन आलेली माणसंही दळण होईस्तोवर दांडी धरायची. मामांनी अंगाखांद्यावर पीठ घेऊनच आमचं स्वागत केलं.

“तुमीच व्हय ते, गुजरातवरून डब्यासाठी आलेलं?”

“व्हय मामा.”

“डोकं ठीक हाय ना? न्हाई, आपलं विचारलं.”

डबा देवघराच्या खालच्या फळीवर होता. लाकडी पट्टी, काळी दांडी, लाल बटण, सगळं जसंच्या तसं. पण डब्यावर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि पुढच्या पट्टीवर हळदीकुंकवाची बोटं. मामी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. त्यांचं नाव कौशल्या, सगळी गल्ली कौशीमामी म्हणते.

“दर खंडेनवमीला पुजते मी,” त्या म्हणाल्या. “विळा, कात्री, शिलाई मशीन, गिरणीचा पट्टा, आन् हा. चार वर्षं ह्यानं पोरींच्या वह्या-पुस्तकांचं भागवलं. आता बंद हाय म्हणून पूजा चुकवायची व्हय?”

मी खिशात हात घालून विषय काढला. मामीनं तोडून टाकला.

“पूजेतली वस्तू इकत नसत्यात, लेकरा. मी विळा इकते का? शिलाई मशीन इकते का?”

मामा कानात म्हणाले, “ती न्हाई म्हणली म्हणजे न्हाई. मी तीस वर्षं बघायलो.”

सिल्वासाहून इथपर्यंत आलो, डबा हातभर अंतरावर, आणि न्हाई! पण म्हटलं, निदान उघडून बघू. “मामी, नुसता दुरुस्त करू का? फुकट.” त्या म्हणाल्या, “कर बापा. त्याला कुठं पाप लागतंय?”

मामा सांगत होते की एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो झकास चालत होता आणि दसऱ्यानंतर लावला तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बीडच्या मेकॅनिकनं आयसी गेली म्हणून सांगितलं. मी स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, आणि भास्कर माझ्याकडं बघायला लागला, मी भास्करकडं. कॅसेट जिथं बसते ती खाच पिवळीलाल झालेली. ओल्या हळदीकुंकवाचे थरावर थर, वाळून दगड झालेले. आणि मधे काहीतरी काळं, चिकट.

“मामी, कुंकू ह्या तोंडात कावून लावलं?”

“मग कुठं लावू? माणसाला कपाळ असतंय. ह्याला नुसतं तोंडच हाय.”

“आणि हे चिकट?”

“गूळ. नैवेद्य नको व्हय?”

मग मामीनं कपाळाला हात लावला. “अगं बाई! म्हणजे मीच मारलं व्हय त्याला!” आणि त्या एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मामा म्हणाले, “आन् मी आयसीला शिव्या घालायलो इतकी वर्षं.”

आता कामाचं ऐका, तुमच्याकडंही असा डबा असेल तर. खाचेत फुंकर मारू नका, थुंकीनं पत्र्या गंजतात. आमी सगळ्यांनी लहानपणी तेच केलं आणि कितीतरी डबे मारले. मी भास्करच्या गाडीतून वाटीभर पेट्रोल काढलं, जुना दातांचा ब्रश घेतला, टाचणीनं गूळ कोरून काढला. कॅसेटच्या पट्ट्या दळण घेऊन आलेल्या एका पोराच्या दप्तरातल्या खोडरबरानं घासल्या. मग सगळं अंगणात उन्हात वाळवलं. पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय वायर लावायची नाही, ही गोष्ट विसरू नका. आणि टीव्ही जाड पाठीचाच लागतो, मामांकडं तो होता. मामीनं तोवर धपाटे आणि दही पुढ्यात ठेवलं. त्या धपाट्यांवर वेगळा लेख लिहावा लागंल, इथं एवढंच सांगतो की मी पाच खाल्ले.

गावात लाईट दुपारी तीनला जाते. अडीच वाजता मी बटण खाली केलं. आधी मुंग्या. मग टीव्हीमागचा छोटा स्क्रू फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणि फटकन हिरवं मैदान, मधे भिंती, दोन कोपऱ्यांत दोन रणगाडे! आवाज कसा, तर डब्यात चिंचोके हलवल्यासारखा. मी किंचाळलो. भास्कर किंचाळला. गिरणीवरची गिऱ्हाइकं पिठाचे डबे तसेच टाकून दारात.

आणि मग मी बोलून गेलो, “मामी, इकू नका. पण खेळात लावा. मी जिंकलो तर डबा माझा.”

मामीनं क्षणभर देवघराकडं बघितलं. “जिंकून नेलं तर ते इकणं न्हाई,” त्या म्हणाल्या. “सारीपाटात राज्यं गेली, हा तर डबा. पण हरलास तर पुन्हा मागायचा न्हाई. पुढच्या खंडेनवमीपर्यंत तोंडातून काढायचं न्हाई.”

मामा डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, डबा जायला नको म्हणून. ते माझी कीव करत होते, हे नंतर कळलं.

मांडी घालून बसलो. ती दांडी शेवटी हातात आली! पहिला गोळा मी सोडला, भिंतीत. मामी माझ्या रणगाड्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या भिंतीकडं बघत होत्या. त्यांचा गोळा उलट्या दिशेला गेला, वरच्या भिंतीवर आपटला, खालच्या भिंतीवर आपटला आणि माझ्या पाठीत बसला. माझा रणगाडा गरगर फिरला. दारातली सगळी गिरणी टाळ्या पिटत होती.

“मामी, हे कसं काय?”

“कॅरमसारखं हाय. सोंगटीकडं बघायचं न्हाई, फळीकडं बघायचं.”

मी लपलो तिथं गोळा आला. पळालो तिथं आधीच येऊन थांबलेला. दारातून एक म्हातारा म्हणाला, “पाव्हणं, दांडी उलटी धरली का?” घाम फुटला मला. एकदा माझा गोळा चुकून लागला तर मामीच म्हणाल्या, “शाब्बास!” आणि लगेच दोन हाणले.

खेळता खेळता मामा सांगत होते. ते शेतावर गेले की खोली मामी सांभाळायच्या. पोरं शाळा सुटल्यावर यायची. तोवरच्या लांबलचक दुपारी त्या एकट्याच खेळायच्या. एक दांडी डाव्या हातात, एक उजव्या हातात. “डावा हात लई लबाड हाय माझा,” मामी म्हणाल्या आणि अजून एक गोळा घातला. पुढं पोरी मोठ्या झाल्या, त्या जोडीला बसायला लागल्या. मग एक परळीला दिली, एक लातूरला. “ह्यांना बोलवावं तर ह्यांचा रणगाडा भिंतीतच अडकतोय,” मामांकडं हनुवटी करून त्या म्हणाल्या.

रणगाडे लुकलुकायला लागले, म्हणजे वेळ संपली. वर आकडे आले. मामींचा आकडा सांगतो, अठरा. माझा मी सांगणार नाही. आणि लाईट गेली.

अंधाऱ्या खोलीत मी दांडी हातात धरून बसलेलो. डबा गेला होता. पण खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी मला हसू फुटलं आणि ते थांबेना. असा मार मी कुठंच खाल्ला नव्हता.

निघताना मामीनं सीताफळांच्या पिशवीत कागदात बांधलेलं काहीतरी ठेवलं. नेकनूरजवळ थांबून उघडलं तर रणगाड्यांची कॅसेट.

“बे,” भास्कर म्हणाला, “ही तर एकच हाय त्यांच्याकडं. आता त्या काय खेळत्यात?”

मी म्हणालो, “आणि मी ही कशात घालू? माझ्या एकाही डब्यात बसत न्हाई.”

मी कॅसेट पुन्हा कागदात बांधून शर्टाच्या आत ठेवली. मग भास्करनं हळूच गाडीला किक मारली.

आईकडं दिवाळी झाली. डब्याचं तिला कळलं, कारण भास्करच्या पोटात काही राहत नाही. ओरडली, आणि मग विचारलं, “अठरा? बाईमाणसानं?” आणि दिवसभर शेजारणींना सांगत फिरली.

सिल्वासाला परतलो तेव्हा खोलीतल्या दोस्तांनी डबा कुठाय म्हणून विचारलं. मी कॅसेट दाखवली. माझ्या शेजारच्या कॉटवरचा उडिया दोस्त प्रफुल्ल म्हणाला, “गाडी लाने गया था, चाबी लेके आया.” मला एवढं चांगलं सुचलं नसतं. जमवायच्या नादात मी आजवर डबा मिळाला की पुसायचो आणि गुंडाळून ठेवायचो. कोण खेळायचं, कुणासोबत, हे कधी विचारलंच नव्हतं. आता भंगारवाल्याकडं गेलो की आधी तेच विचारतो.

ड्युटी सुटल्यावर मी आणि प्रफुल्ल कारखान्यामागच्या चहावाल्याकडं कॅरम खेळतो. मी सोंगटीकडं बघत नाही, फळीकडं बघतो. अजून नीट जमत नाही, पण डाव्या हातानं मारलेला स्ट्रायकर परवा दोन फळ्या खाऊन बरोबर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरकडं गेलो आणि पुढच्या खंडेनवमी-दसऱ्याची सुट्टी मागितली. तो म्हणाला, “अरे, अभी तो दिवाली का लड्डू भी खतम नहीं हुआ.” मी म्हणालो, “लिख लो साहब. कोई राह देख रहा है.”