साडूंनी सोडवलेला शेंगदाणा

ज्याची अ‍ॅलर्जी आहे असं माणूस छातीठोकपणे सांगतो, त्याची ती त्याला बहुधा नसतेच, हे सिद्ध करण्यात ज्यानं उभं आयुष्य घालवलं असा सबंध इंदुरात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून त्यांना मान द्यावा लागतो, डॉक्टर म्हणून भ्यावं लागतं आणि संशोधक म्हणून सहन करावं लागतं. खोकला झाला म्हणून त्यांच्याकडे गेलात तर औषध मिळणार नाही, पण तुमच्या गादीत कापूस कोणता आहे आणि ती शेवटची उन्हात कधी टाकली होती, याची चौकशी होईल. आमचे सासरे शेवटपर्यंत हळहळत असत, "जावई डॉक्टर मिळाला, पण गोळी म्हणून देत नाही." हे कानावर गेलं तेव्हा साडू म्हणाले, "गोळ्या देणारे भरपूर आहेत बाबूजी, बंद करणारा पण कोणी पाहिजे ना!"

त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बॉलपेननं आखलेल्या रेघा आणि आकडे कायम असतात. नव्या तपासणीचा थेंब आधी स्वतःच्या कातडीवर टाकून, सुईनं टोचून, गांधी किती फुगते ते ते मोजतात. एका लग्नात वधूपक्षाच्या आजोबांनी ते गोंदण समजून कुळाची चौकशी सुरू केली होती. सकाळी लालबागेत सगळे लोक प्रकृतीसाठी फिरतात. हे मात्र कुंपणाकडेच्या गाजर घासाचे, म्हणजे काँग्रेस गवताचे, पराग पाकिटात झटकत उभे असतात. एकदा तिथल्या चौकीदारानं संशयानं पाकीट उघडून नाकाशी नेलं आणि त्याला शिंकांची माळच लागली. दुसऱ्या कुणी माफी मागितली असती. साडूंचा चेहरा उजळला. "कब से है ये? सुबह ज्यादा कि शाम को?" असं विचारत त्यांनी त्याला तिथंच कट्ट्यावर बसवलं. तो चौकीदार पुढं कित्येक वर्षं त्यांचा पेशंट होता आणि यांना पाहिलं की गेट आधीच उघडून ठेवायचा.

दिवाळीच्या फराळाला ते येतात तेव्हा खिशात छोटासा धूळ ओढायचा पंप असतो. अन्नपूर्णा भागातल्या आमच्या एका वहिनींनी दसऱ्यापासून राबून घर आरशासारखं केलं होतं. साडूंनी दिवाणाखाली पंप फिरवला, पंपातला कागद उजेडात धरला आणि अगदी हिरमुसून म्हणाले, "वहिनी, धूळ नाहीच का हो तुमच्याकडे? थोडीशी पण नाही?" वहिनींना हा अपमान की गौरव हे अजून कळलेलं नाही. पंगतीत तर त्यांच्या शेजारी बसायला कुणी धजत नाही. आपल्या लोकांत "मला ते चालत नाही" म्हणायची हौस दांडगी. कुणी वांगं बाजूला सारलं की साडूंचा हात थांबतो. खाल्ल्यावर किती वेळानं झालं? काय झालं? खाज, की उलटी? परत खाल्लं तेव्हा पुन्हा झालं का? माझ्या बायकोच्या एका चुलतभावानं असा पाच-सात मिनिटं टिकाव धरला आणि मग सरळ कबूल केलं, की आईनं लहानपणी कोंबून भरवलं म्हणून वांगं आवडत नाही, इतकंच. साडूंनी त्याची पाठ थोपटली. भिडेपोटी त्या भावानं मग दोनदा भरीत घेतलं.

या सगळ्याची आम्ही पोट धरून टिंगल केली. पण आमच्याच घरात एक अ‍ॅलर्जी बसली होती आणि तिच्यापुढं मात्र कुणाला हसू येत नसे.

आमची सई चार वर्षांची असताना महाशिवरात्रीच्या दिवशी तिचं तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घुसमटायला लागला. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, ती वाचली. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, रक्ताच्या तपासणीत शेंगदाणा निघाला, खटला संपला. त्या दिवसापासून राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात दाण्याचं कूट आलं नाही. मराठी घरात कूट नाही म्हणजे काय, ते मराठी माणसालाच कळेल. सई कुणाच्या वाढदिवसाला गेली नाही, शाळेच्या सहलीला गेली तर आई मागोमाग गेली. साडू तेव्हा संशोधनासाठी दक्षिणेत होते. इंदुरात परतल्यावर ते दरवर्षी म्हणायचे, "रक्तात निघालं म्हणजे रोग आहे असं नाही. खाऊ घालून पाहिलं पाहिजे, हॉस्पिटलमध्ये, सगळी तयारी ठेवून." आणि दरवर्षी माझी बायको म्हणायची, "जिजाजी, माझ्या डोळ्यांदेखत निळी पडली होती ती." दुसरा गुन्हेगार सापडल्याशिवाय पहिल्याला सोडा म्हणायला त्यांचीही जीभ रेटत नसे.

मग मागच्या वर्षी सईला पुण्यात नोकरी लागली. तिनं पेढे आणले आणि बायकोनं रडायला सुरुवात केली. "पुण्यात कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट! मेसवाल्या बाया काय सांगून घालणार आहेत?" दोन दिवस मायलेकींचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी सई म्हणाली, "ठीक है, नाही जात मी. कळवून टाकते त्यांना." ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. इतक्या शांतपणे ती म्हणाली की मी साडूंना फोन लावला.

ते आले, चहा बाजूला ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "आज मला काय खाल्लं ते सांगूच नकोस. तो दिवस सांग. उठल्यापासून." बायकोनं सांगितलं. अंघोळ, शंकराला बेल, खिचडी. "मग?" मग शेजारच्या मथुरेच्या आंटींना खिचडीचा डबा पाठवला, त्यांना आपली खिचडी फार आवडायची. पुढं त्या दिल्लीला निघून गेल्या. साडू पुढं सरसावले. "डबा परत कसा आला?"

"कसा म्हणजे? डबा कुणी रिकामा परत देतं का, जिजाजी? भरून आला."

"कशानं?"

"पुऱ्या होत्या काळसर. उपासाच्याच होत्या, म्हणून सईला दिली एक."

मीच म्हणालो, "अगं, मग हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" बायको गोंधळून म्हणाली, "सगळे विचारायचे, घरात काय केलं होतं. मी कुठं पुऱ्या केल्या होत्या? आणि उपासाचं खाऊन कुणाला काय होतं?" साडू उठून उभे राहिले. "कुट्टू!" ते जवळजवळ ओरडलेच. "अरे भिया, कुट्टूचं पीठ! त्यांच्याकडे उपासाला तेच चालतं, आणि ज्याला बाधतं त्याला असंच बाधतं. आपण मराठी लोक साबुदाण्यात गुन्हेगार शोधत बसलो!"

त्या आठवड्यात सईच्या हातावर बॉलपेनच्या रेघा आल्या. शेंगदाण्याच्या थेंबाखाली जेमतेम पुळी उठली. कुट्टूच्या थेंबाखाली गांधी अशी टरारली की साडूंनी लगेच तिचा हात पुसून घेतला. तरीही खरी परीक्षा उरली होती. हॉस्पिटलच्या खोलीत ट्रेमध्ये इंजेक्शन भरून ठेवलेलं, नर्स उभी, आणि साडूंनी चिमटीत मावेल एवढं कूट सईच्या जिभेवर ठेवलं. बायको बाहेर अथर्वशीर्ष म्हणत होती आणि दर दोन ओळींनंतर अडखळत होती. मी आत होतो. थोडं कूट, मग थांबणं, नाडी, छाती, ओठ बघणं, मग थोडं जास्त. शेवटी मूठभर दाणे झाले. "काही होतंय का बेटा?" साडूंनी हळूच विचारलं.

"बोअर होतंय, मौसाजी."

आणखी बराच वेळ त्यांनी तिला तिथंच बसवून ठेवलं. मग म्हणाले, "बस्स. झालं. घेऊन जा पोरीला." आणि चष्मा पुसायला म्हणून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर बायको ऐकताक्षणी बाकावर बसली आणि रडत, हसत सईचे हात चाचपत राहिली. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा उतरला की माणूस हलका होतो म्हणतात. मला मात्र नर्सनं धरून बसवलं आणि पाणी दिलं.

सई पुण्याला गेली. कुट्टू वर्ज्य, इंजेक्शन कायम पर्समध्ये, आणि नवं काही दाण्याचं खाल्लं की मौसाजींना फोन, अशा अटी होत्या. पहिले काही महिने ती इमानानं फोन करी. आज ठेचा खाल्ला. आज चिक्की. आज मेसची उसळ. साडू विचारत, "मग काय झालं?" आणि ती सांगे, "काही नाही झालं." फोन ठेवून ते बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, तेवढंच सांगत, काही नाही झालं म्हणते, आणि मग बराच वेळ खुशीत असत. हळूहळू तिचे फोन कमी झाले. कामं वाढली, मैत्रिणी झाल्या, काय खाल्लं ते कोण लक्षात ठेवतं?

परवा ते आमच्याकडे आले होते. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "सईचा फोन येतो का?" मी म्हणालो, येतो, नोकरीबद्दल बोलते, हिंडण्याबद्दल बोलते. "आणि दाण्याचं?" ते नाही बोलत, मी म्हणालो. ते क्षणभर पायरीवर थांबले. "चांगलंय," ते म्हणाले. "विसरली म्हणजे पूर्ण बरी झाली." आणि मान खाली घालून जिना उतरले. खाली पोचल्यावर त्यांनी स्कूटर लगेच सुरू केली नाही.